बिनमिठाची सालं

“मासळी सोडून या खोलीत दुसरं काही ठेवायचं नाही, असा मालकाचा हुकूम आहे,” असं म्हणत बबनमामाने आमचा स्टीलचा डबा सुरमईच्या दोन क्रेटांमध्ये सरकवला. “कुणी विचारलं तर काय सांगू?”

“औषध आहे म्हणून सांग,” दर्शना म्हणाली.

“कशावरचं?”

“जाडेपणावरचं.”

मामाने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे. “मग जाताना माझ्यासाठी वाटीभर काढून ठेव,” म्हणाला आणि त्या जाड, रबर लावलेल्या दाराला खांदा देऊन ते बंद केलं.

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात दर्शना बाणेचा हा मामा कामाला होता, म्हणून आमचं जमलं. आम्ही दोघी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, रसायनशास्त्राला. प्रोजेक्ट होता कोकमाचा. कोकमाच्या सालीत एक आम्ल असतं. भूक आणि चरबी यांच्यावर ते काम करतं असं म्हणत, त्यामुळे औषधं बनवणाऱ्यांना ते हवं असे. आमटीत आमसूल टाकलं की ते पाण्यात उतरतं, तितकंच साधं. अडचण अशी की सालं पाण्यात जास्त वेळ उकळली तर सगळं आम्ल उतरतं खरं, पण उष्णतेने त्यातलं बरंचसं रूप बदलतं आणि उपयोगाचं राहत नाही. कमी उकळावं, तर निम्मं सालीतच अडकून बसतं.

बर्फाची कल्पना माझी. एकदा घरी कोथिंबिरीची जुडी चुकून फ्रीजरमध्ये गेली. बाहेर काढल्यावर ती क्षणात लोळागोळा झाली आणि ताटलीत हिरवं पाणी साचलं. पेशींतल्या पाण्याचा बर्फ झाला, बर्फ फुगला, पेशी फाटल्या. मग कोकमाची सालं भिजवून गोठवली तर? नुसत्या कोमट पाण्यातही आम्ल बाहेर यायला हवं. कॉलेजच्या फ्रीजला बर्फाचा कप्पा होता, पण त्या कप्प्याला दार नव्हतं. म्हणून सुरमई.

पहिल्या दिवशी डबा उघडला तेव्हा आमचे मुकादम सर प्रयोगशाळेच्या दारातच थांबले. हवेत दोनदा नाक फिरवलं.

“काय हो मुलींनो, आज सोलकढी आहे की कालवण?”

“सर, डब्याचं झाकण जरा सैल आहे.”

“झाकण घट्ट करा. नाहीतर परीक्षक गुण द्यायच्या आधी भात मागतील.”

मुकादम सर असेच बोलायचे. गंभीर चेहऱ्याने विनोद करायचे, आणि खरंच गंभीर काही बोलायचं असलं की आवाज इतका खाली न्यायचे की आपण पुढे झुकलंच पाहिजे.

सालं मिळवणं हा वेगळाच उद्योग होता. बाजारातली आमसुलं मिठाने माखलेली. मीठ आलं की आमची सगळी वजनं चुकणार. सुरुवातीला भागलं ते आदल्या वर्षीच्या मुलांनी ठेवलेल्या एका पिशवीवर. साधी, उन्हात वाळवलेली, मीठ न लावलेली सालं होती ती. त्यांच्यावर आम्ही जुन्या रीतीने, म्हणजे उकळून, किती आम्ल निघतं ते मोजून ठेवलं. तोवर पिशवी संपली. पण दर्शना हुशार. मे महिन्याच्या सुट्टीतच ती आईला सांगून आली होती. “आये, यंदा थोडी सालं माझ्यासाठी वेगळी वाळव. मीठ अजिबात नाही घालायचं.” दिवाळीनंतर ती एक भलंमोठं गाठोडं घेऊन आली. पावसाळाभर चुलीच्या वर टांगून ठेवलेलं असल्याने त्याला धुराचा वास होता. सालं काळीभोर, लुसलुशीत आणि चकचकीत.

“ही किती सुंदर आहेत गं,” मी म्हटलं होतं.

“आयेच्या हातची आहेत,” दर्शना म्हणाली. दोघींनीही त्याहून जास्त विचार केला नाही.

ती सालं भिजवली, मामाकडे गोठवली, कोमट पाण्यात सोडली. लाल रस कोळशाच्या पुडीतून गाळून बिनरंगी केला, त्यात क्षार घातला आणि वाट पाहिली. आम्लाचा पांढरा साका हळूहळू तळाशी बसतो. तो धुवायचा, वाळवायचा, तोलायचा. तराजूच्या काचेच्या पेटीसमोर मी श्वास रोखून बसायचे, कारण श्वासानेही आकडा हलतो. त्या दिवशी आकडा स्थिर झाला आणि मी दर्शनाला म्हटलं, “तू वाच.”

तिने वाचला. पुन्हा वाचला. जुन्या पिशवीतल्या सालांतून जेवढं निघालं होतं, त्याच्या दुप्पट.

आम्ही आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा दुप्पट. दर्शना प्रयोगशाळेच्या मधल्या मोकळ्या जागेत स्वतःभोवती एक गिरकी घेऊन आली आणि ओढणी ब्युरेटच्या स्टँडला अडकवून बसली.

तिचा आनंद माझ्या आनंदापेक्षा वेगळा होता, हे मला ठाऊक होतं. मला गुण मिळणार होते. तिला पुणं मिळणार होतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मुकादम सरांच्या ओळखीचे कोणी होते. तिथे मदतनीस म्हणून जागा निघणार होती, आणि तिथे राहून तिला पुढे पीएच.डी. करायची होती. घरी चिपळूणचं एक स्थळ येऊन थांबलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, त्यामुळे नाही म्हणायला कारणच सापडत नव्हतं. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर. वाईट माणूस मुळीच नव्हे. पण जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना गाडीच्या हिशेबाने समजायची.

“तुझा तो परयोग,” त्यांनी तिला सांगितलं होतं, “स्टँडला पोचला, तर तू पुढच्या गाडीत बस. मी आडवा येणार नाय. पण वाटेत बंद पडला, तर बंद पडलेल्या गाडीत मी माणसं बसवून ठेवत नाय. मग वैशाखात लगीन.”

दर्शनाने ते मान्य केलं होतं. ती म्हणायची, “न्याय आहे त्यात.”

प्रबंध लिहायला घेतला तेव्हा एका दुपारी मुकादम सर आमच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले. सगळं वाचलं. मग आवाज खाली नेला.

“बर्फाशिवाय किती येतं?”

“सर, ते पहिल्या तक्त्यात आहे. जुनी रीत.”

“ते पिशवीतल्या सालांचं. या सालांचं बर्फाशिवाय किती येतं?”

मी तक्त्यांची पानं उलटली. तो आकडा कुठेच नव्हता.

“दोन गोष्टी बदलल्यात तुम्ही,” सर म्हणाले. “बर्फ आणला आणि सालंही बदलली. दुप्पट कुणामुळे झालं, ते मला कसं कळणार?”

गाठोड्यात थोडी सालं उरली होती. ती न गोठवता, जुन्या रीतीने उकळली. साका बसेपर्यंत आम्ही दोघी पात्रासमोर बसलो. तो बसायला लागला आणि बसतच गेला. तोलायची गरजच नव्हती, चंचुपात्राच्या तळाशी दिसतच होतं. बर्फाशिवायही जवळजवळ तेवढंच. गोठवल्याने थोडं वाढत होतं, नाही असं नाही. पण ते थोडंच होतं. दुप्पट केलं होतं ते सालांनी.

“झाड वेगळं असेल,” मी म्हटलं. “एखाद्या झाडाला जास्त आम्ल असतंच.”

“झाड तेच,” दर्शना म्हणाली. “आदल्या वर्षीच्या पिशवीतली सालंही आमच्याच वाडीतली होती. त्या मुलांना मीच दिली होती आणून.”

सरांनी तो साका काचेतून उजेडात धरून पाहिला. ते रागावले नाहीत. “हेही उत्तरच आहे,” म्हणाले. “जे आलं ते लिहा. पण सालांचं काय झालंय ते विचारून या. कच्च्या मालाचं वर्णन लागतं.”

रविवारी आम्ही तिच्या गावी गेलो. संगमेश्वरच्या पुढे गाडी सोडून खाली उतरत जायचं. वाटेवर काजूचा मोहर, आणि पायाखाली चरचरणारी पानं. दर्शना पुढे चालत होती. अर्ध्या वाटेवर न वळताच म्हणाली, “आज संध्याकाळी बाबा चिपळूणला निरोप देणार आहेत.”

“आज?”

“त्यांनी मला विचारून सांगतो म्हटलंय. म्हणजे आज विचारतील.”

“मग काय सांगणार?”

“काय सांगायचं असतं? बंद पडली.”

तिची आई अंगणात सुपात कुळीथ पाखडत होती. आम्हाला बघून ती तशीच सूप घेऊन उठली.

“ये गो बाय. ही नेत्रा ना? केवढी वाळलीस गो. त्या सालांचंच पाणी पितेस काय?”

“नाही काकी, ते मामा पितात,” मी म्हटलं. ती खळखळून हसली.

पाणी झालं, गूळ झाला. दर्शना ओटीच्या पायरीवर बसली. मला वाटलं होतं ती हळूहळू विषयावर येईल. पण तिने सरळ विचारलं.

“आये, माझी सालं तू कशी वाळवलीस?”

“मीठ नाय घातलं हां,” काकी लगेच म्हणाली. “तुझ्या गळ्याशपथ. मिठाचा हातसुद्धा लागू दिला नाय.”

“ते कळलं. पण नुसती वाळवलीस ना?”

“नुसती?” काकीला हे ऐकून नवलच वाटलं. “नुसती वाळवलेली सालं कोण कुणाला देतं? गेल्या साली तू घाईत घेऊन गेलीस ती तसली होती, मला किती लाज वाटली. चामड्यागत. यंदा म्हटलं, पोरीच्या कॉलेजात जायची, तिचे सर बघणार. रसात बुडवली, वाळवली. परत रस काढला, परत बुडवली, परत वाळवली. सगळा मे महिना अंगणातनं हलले नाय. ती शेजारची मालन मला म्हणते, मिठाबिगर रसाची पुटं देतेस, वेडी झालीस काय, बुरशी धरेल. म्हटलं, धरली तर धरू दे. माझ्या लेकीचा परयोग हाय. तिला सगळ्यात चांगली जायला हवीत.”

आमसुलं अशीच करतात. कोकणात वाढलेल्या कुठल्याही पोरीला हे माहीत असतं. मला माहीत होतं, दर्शनाला माझ्याहून जास्त. फळाच्या गराचा रस काढायचा आणि सालं त्यात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायची. त्यानेच ती काळी, लुसलुशीत होतात. त्या रसातलं सगळं आम्ल काकीने महिनाभर उन्हात बसून सालांना पाजलं होतं, आणि आम्ही ते तराजूवर ठेवून बर्फाच्या नावावर मांडलं होतं. दर्शनाने ‘मीठ घालू नको’ एवढंच सांगितलं होतं. बाकी काही करू नको, असं आईला सांगावं लागेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मी दर्शनाकडे बघितलं नाही. अंगणातल्या कोंबडीकडे बघत राहिले.

“का गो?” काकीचा आवाज बदलला. “माझं काय चुकलं काय?”

तेवढ्यात दर्शनाचे वडील आले. खाकी शर्ट, खांद्यावर पंचा. त्यांनी पाय धुतले, ओटीवर येऊन टेकले आणि पंख्यासारखा पंचा हलवत म्हणाले, “काय मग? पोचली का गाडी स्टँडला?”

दर्शनाने उठून पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

“चिपळूणकरांना आज कळवायचं हाय. त्यांना लटकत ठेवणं बरं नव्हे. तू सांगशील तसं.”

काकी सूप हातात धरून उभी होती. कुळथाचे दाणे एका बाजूला घरंगळून कडेवर आले होते, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती एकदा दर्शनाकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं.

दर्शना आईकडे बघत बोलली, वडिलांकडे नाही.

“आयेच्या सालांतनं दुप्पट निघालं, बाबा. आधीच्या सालांच्या दुप्पट.”

“दुप्पट?”

“दुप्पट.”

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “खरं काय गो?”

“वजन मी केलंय, काका,” मी म्हटलं. “तीनदा केलंय. दुप्पटच आहे.”

एक ड्रायव्हर दुसऱ्या ड्रायव्हरला विचारतो तसं त्यांनी मला विचारलं, “डिझेल तेवढंच?”

“तेवढंच.”

“माल तेवढाच?”

“वजनाला तेवढाच.”

“मग पोचलीच म्हणायची,” ते म्हणाले आणि उठले. दारापर्यंत जाऊन थांबले. “पुण्यात थंडी असते म्हणतात. तुझी ती जुनी शाल घेऊन जा. आणि चिपळूणला मी फोन करतो, तू नको बोलूस.”

ते शेजारी फोनला गेले. काकी अजून उभीच होती. दर्शनाकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग सूप खाली ठेवलं, कडेवर आलेले दाणे तळहाताने मधे लोटले आणि म्हणाली, “चला, हात धुवा. कुळथाचं पिठलं केलंय.”

परतीच्या गाडीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. गाडी सुटली तशी दर्शनाने विचारलं.

“मी खोटं बोलले का गं?”

मी विचार केला. तिच्या वाक्यातला प्रत्येक शब्द तपासून पाहिला. “नाही. वाक्य बरोबर होतं.”

“पण हे वाक्य प्रबंधात नाही लिहायचं.”

“नाही.”

“तिथे बर्फाचं जेवढं आहे तेवढंच लिहायचं.”

“तेवढंच.”

“आणि आयेला कधी कळू द्यायचं नाही.” माझ्याकडे वळून तिने विचारलं, “ती विचारत होती ना, काय चुकलं म्हणून? ती मे महिना उन्हात बसली होती, नेत्रा.”

आम्ही तसंच लिहिलं. बर्फाने होणारी वाढ बेताची आहे. रसात बुडवलेल्या आणि साध्या सालांची तुलना करताना काळजी घ्यावी. परीक्षकांनी पानं उलटली आणि एक साधा प्रश्न विचारून आम्हाला सोडलं. गुण ठीक मिळाले. पुण्याच्या त्या संस्थेतली जागा दुसऱ्या कुणाला गेली, पण दर्शना गेलीच. घरून परवानगी होती, आणि ती वाया घालवण्यातली दर्शना नव्हती. वर्षभर तिने एका छोट्या तपासणी प्रयोगशाळेत हळदीतली आणि तिखटातली भेसळ शोधली, मग कुठे तिला हवी तशी जागा मिळाली. मुकादम सरांना ती दर ईदला न चुकता फोन करायची, आणि ते दरवेळी पलीकडून विचारायचे, “आज कालवण की सोलकढी?”

आता मी शिकवते, आमचाच जुना विषय. टेबलाच्या खालच्या खणात कोकमाच्या सालांची एक बरणी आहे. एकावेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे मुलांना समजावताना मी ती काढते, पण तिची गोष्ट सांगत नाही. दर उन्हाळ्याच्या शेवटी एसटीने एक पार्सल येतं आणि बरणी पुन्हा भरते.

पहिलं पार्सल आलं ते दर्शना पुण्याला गेली त्या वर्षीच, जूनच्या तोंडावर. मी स्टँडवर घ्यायला गेले. आणणारे ड्रायव्हर काका तिच्या वडिलांचे दोस्त होते. त्यांनी सीटखालून कापडाची पिशवी काढली. आत दोन गाठोडी होती. एकाला लाल दोरा, एकाला पांढरा.

“वहिनींनी नीट सांगून पाठवलंय,” ते म्हणाले. “मी वाटेत पाठ करत आलो. लाल दोऱ्याची खायची. मीठ लावलेली, रसाची पुटं दिलेली, वर्षभर टिकतील. पांढऱ्या दोऱ्याची तुमच्या प्रयोगाची. ती नुसती वाळवलीत. कशात बुडवली नाहीत.”

मी पांढरा दोरा सोडून पाहिला. आत फिकट, कडक, चामड्यासारखी सालं होती. कुणालाही द्यायला काकीला लाज वाटली असती तशी.

घरी येऊन मी पुण्याला फोन लावला.

“तू काकींना सांगितलंस?”

“काय?”

मी दोन्ही गाठोड्यांचं सांगितलं. दोऱ्यांचं सांगितलं. ड्रायव्हर काकांनी पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

“मी नाही सांगितलं,” दर्शना म्हणाली. “तू?”